तिन्हीसांजेची झोप

2025 च्या मार्चमधला एक मंगळवार. दिवेलागणीची वेळ. माझी शाळेतली मैत्रीण फोनवर मला काहीतरी सांगत होती आणि मी झोपले. आडवी झाले नव्हते, कंटाळलेही नव्हते. पलंगाला पाठ टेकून खाली बसले होते, फोन स्पीकरवर टाकून उशीपाशी ठेवला होता आणि मांडीवर निवडायची मेथी होती. "तुला एक सांगायचंय, कधीची सांगीन सांगीन म्हणतेय," असं ती म्हणाली, इतकं मला स्वच्छ आठवतं. मग तिच्या लेकीचं नाव आलं. त्यानंतर एकदम कुकरची शिट्टी, अंधारलेली खोली, आणि फोनवर बावीस मिनिटं चालून संपलेल्या कॉलची नोंद. मेथीची काडी अजून बोटांत तशीच होती.

मी लगेच उलटा फोन केला. ती हसली. "घोरत होतीस गं. दोन मिनिटं ऐकलं आणि ठेवला." मी शंभर वेळा माफी मागितली, काय सांगत होतीस ते परत सांग म्हटलं. "काही नाही, असंच," ती म्हणाली आणि मेथीचं काय करणारेस, असं विचारलं.

ते 'असंच' पुढे कितीतरी दिवस माझ्या कानात राहिलं.

झोप का लागली, याचं कारण सांगायचं तर जानेवारीत जावं लागेल. 19 जानेवारीला, रविवारी, दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची अंतिम लढत होती. आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार आपल्याकडचीच, प्रियांका इंगळे. मॅटवर, झगझगीत दिव्यांत, रंगीत बूट घालून त्या पोरी सूर मारत होत्या आणि इकडे सहकारनगरच्या आमच्या हॉलमध्ये मी सोफ्याच्या कडेला सरकत सरकत शेवटी खाली उतरले आणि चक्क उकिडवी बसले. सांगलीच्या शाळेच्या मैदानात बसायचे तशी, एक तळवा जमिनीवर, नजर तिरपी. आमचं मैदान मातीचं. सकाळी पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या. त्या ओल्या मातीचा आणि चुन्याचा मिळून जो वास येतो तो मला अजूनही कुठे घर रंगवायला काढलं की येतो आणि पोटात कसंसं होतं. गुडघे बारमाही सोललेले असायचे. तर तशी मी बसले, आणि डाव संपल्यावर मला उठता येईना. हसू आलं, मग थोडं घाबरायला झालं, मग टीपॉय धरून उठले. नवरा म्हणाला, "अगं, गुडघे!" आजारी माणसाला बजावावं तशा सुरात. वय वर्षं सत्तावन्न, बँकेतली बैठी नोकरी, निवृत्तीला तीन वर्षं. शेवटचं धावले ते बहुधा लोकल पकडायला, तेही लग्नाआधी.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मी पर्वती चढायला सुरुवात केली.

पर्वतीला 103 पायऱ्या आहेत हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्या पायऱ्या म्हणजे जिन्याच्या पायऱ्या नव्हेत. रुंद, उतरत्या, दगडी. एका पावलात पायरी संपत नाही आणि दोन पावलं टाकावीत तर लय मोडते. चाळिसाव्या पायरीला माझ्या कानात ठोके वाजू लागले. साठाव्याला कठड्याला टेकले. शेजारून पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी वर जाऊन, खाली येऊन, पुन्हा वर निघाल्या होत्या. त्यांच्या आठशे मीटरच्या धावण्यात सेकंदासेकंदाला गुण असतात, त्यांना माझ्याकडे बघायला वेळ नव्हता. काठी घेतलेले एक आजोबा मात्र थांबले आणि म्हणाले, "बसू नका. उभ्या राहून श्वास घ्या. बसलं की उठवत नाही." हे मला हॉलमध्येच कळलं होतं, पण मी मान डोलावली. वर पोचले तेव्हा सिंहगडाच्या बाजूला धुकं होतं आणि पायाखाली सगळं पुणं दुधाच्या सायीखाली झाकल्यासारखं. छान वाटलं. खोटं कशाला बोलू, फार छान वाटलं. उतरताना मांड्या लटलट कापत होत्या तेही छान वाटलं.

मांड्या खऱ्या दुखल्या त्या दोन दिवसांनी. बुधवारी कमोडवर बसताना मी भिंत धरली. माझी समजूत अशी की चढण्याने पाय भरतात. ते तसं नसतं. चढताना स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचा भार आवरून धरतो, आणि त्या आवरून धरण्यात त्याच्या बारीक तंतूंना इजा होते. ती दुरुस्त करताना सूज येते, ठणका लागतो, आणि हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला पोचतं. आमच्या लहानपणी याला 'अंगात आम्ल साठलं' म्हणायचे आणि लिंबू-सरबत द्यायचे. ते बिचारं लॅक्टिक ॲसिड व्यायाम थांबल्यावर तास-दीड तासात रक्तातून निघून गेलेलं असतं. नाव मात्र अजून त्याचंच घेतात. गंमत म्हणजे हीच इजा पुढच्या वेळी कमी होते. स्नायूला एकदा धडा मिळाला की तो लक्षात ठेवतो. तिसऱ्या आठवड्यात माझ्या मांड्या दुखायच्या थांबल्या. दुखणं तसं बरंच होतं म्हणा. दुखण्याला एक दिमाख असतो. लंगडत स्वयंपाकघरात गेलं की कोणीतरी विचारतं.

दमणुकीला तो दिमाख नाही.

दुपारी तीन वाजता कर्जाच्या फायलीवरची अक्षरं एकमेकांत विरघळायची. मी उठून तोंडावर पाणी मारायचे, चहा घ्यायचे, पुन्हा बसायचे. संध्याकाळी घरी आले की बूट काढायला वाकायचे आणि तशीच वाकून राहायचे. डोकं दुखत नव्हतं, ताप नव्हता, नुसतं आतून कोणीतरी दिवा बारीक केल्यासारखं. आपल्या भाषेत या प्रकाराला किती शब्द आहेत. आई म्हणायची, अंग आंबून गेलंय. आजी म्हणायची, भागले. मोठ्या प्रवासाचा शीण असतो, उन्हातून आल्यावर गळून जायला होतं, ताप येण्याआधी अंग मोडून येतं. आणि दमणं आणि थकणं यांत तर सबंध आयुष्य बसतं. पोरं दमतात. खेळून आलेल्याला आपण विचारतो, "दमलास का रे?" हा प्रश्न असतो, त्यात कौतुक असतं, पुढे पाण्याचा तांब्या असतो. "थकले हो आता," हे कुणाला विचारत नाहीत, कुणाबद्दल तरी सांगतात, आवाज खाली आणून. एप्रिलमध्ये एका लग्नात चुलत बहिणीने माझ्या गालाला हात लावून म्हटलं, "थकलीस गं." मी त्या दिवशी सकाळी 103 पायऱ्या न थांबता चढून आले होते. नथ सांभाळत मी हसले, पण जिलबी गोड लागली नाही.

घरात कोणी व्यायामाला नाही म्हणालं नाही. आमच्याकडे उघड नाही म्हणायची पद्धतच नाही. पण मी संध्याकाळी सोफ्यावर डोळे मिटले की मुलगा म्हणायचा, "आई, झेपत नसेल तर कशाला?" सासूबाई म्हणायच्या, "सांगितलंय कोणी?" यात दुष्टावा नव्हता, काळजीच होती. तरी ते लागायचं, आणि का लागतं हे मला बरेच दिवस उमगलं नाही. तीस वर्षं मी याच घरात दमत आले. मार्चअखेरीला रात्री दहाला बँकेतून येऊन पोळ्या लाटल्या, दिवाळीला चार दिवस पाय सुजेपर्यंत उभी राहिले, सासऱ्यांच्या दुखण्यात महिनाभर इस्पितळाच्या बाकड्यावर झोपले. तेव्हा "कोणी सांगितलंय?" असं कोणी म्हटलं नाही. ती दमणूक घराच्या जमाखर्चात होती. ही नवी दमणूक माझी एकटीची होती, कुणाच्याही उपयोगाची नव्हती, आणि तिची पावती मागितली जात होती. कडू कबुली अशी की सगळ्यात आधी ती पावती मीच मागत होते. दिवसा आडवं व्हायला मला लाज वाटायची. आई दिवसा आडवी झालेली मला आठवते ती दोनदाच, आणि दोन्ही वेळा तिला टायफॉइड होता. वडील रोज जेवून डाव्या कुशीवर पडायचे. त्याला वामकुक्षी असं संस्कृत नाव होतं, त्या वेळी आम्हाला आवाज करायची बंदी होती. बायकांच्या झोपेला असं नाव असल्याचं ऐकलं नाही. तिन्हीसांजेला झोपलं तर लक्ष्मी जाते, एवढं मात्र ऐकलं होतं. माझ्या बाबतीत लक्ष्मी राहिली, मैत्रीण गेली, असं मला त्या मार्चमध्ये वाटत होतं.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. बाई माझ्याच वयाच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी आधी छातीत दुखतं का, धाप बसल्या बसल्या लागते का, पायाला सूज येते का हे सगळं नीट विचारलं, कार्डिओग्राम काढला, रक्त तपासायला पाठवलं. या वयात थकवा आला की तो व्यायामाचाच असेल असं धरून चालू नका, म्हणाल्या. बायकांचं हृदय कधीकधी छातीत न दुखता नुसत्या थकव्यानेच तक्रार करतं. माझं हृदय ठीक होतं, थायरॉइड ठीक होतं. हिमोग्लोबिन 9.8 आणि बी-12 तळाला. मग त्यांनी विचारलं, "पर्वतीवरून आल्यावर काय खाता?" मी सांगायला लागले आणि सांगता सांगताच माझं मला ऐकू आलं. सव्वापाचला उठते, चहा घेऊन निघते. साडेसहाला परत. मग दोघांचे डबे, सासूबाईंची लापशी, मुलाचे पोहे, अंघोळ, आणि बँकेत पोचल्यावर साडेदहाला डब्यातली अर्धी पोळी चहाबरोबर. रात्री झोपायला बारा. त्यात पाळी जाऊन चार वर्षं झाली तरी रात्री दोनला अंग पेटतं, उठून पंखा वाढवायचा, नवरा कुडकुडतो, पुन्हा कमी करायचा. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे पाच तास झोप, आणि चढून आल्यावर चार तास उपाशी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला थकवा आला नसता तर मी घाबरले असते."

उपाय साधे होते, पण प्रत्येकाने घरातली एकेक वीट हलली. चढून आल्यावर अर्ध्या तासात खायचं, आणि नुसते पोहे-उपमा नव्हे. वय वाढलं की स्नायूंचे कान जड होतात. तरुणपणी थोडक्या प्रथिनांत त्यांना निरोप पोचायचा, आता मोठ्याने सांगावं लागतं. म्हणून मोड आलेली मटकी, वाटीभर दही, भिजवलेले शेंगदाणे, आणि सासूबाईंच्या नजरेला नजर न देता दोन अंडी, त्यांच्यासाठी वेगळं पातेलं. लोहाच्या गोळ्या, बी-12 ची इंजेक्शनं. आणि सगळ्यात कठीण, खाण्याबरोबरचा चहा बंद, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. तीस वर्षं मी पोळी चहात बुडवून खात होते. रोज चढायचं नाही, एक दिवसाआड. शरीर बळकट होतं ते चढताना नव्हे, मधल्या दिवशी. आता साडेसहाला मी हात धुऊन आधी एकटी टेबलावर बसते आणि सगळ्यांच्या आधी खाते. पहिल्या दिवशी मला चोरी केल्यासारखं वाटलं. मुलगा "पोहे?" म्हणाला. मी चावत असल्यामुळे बोलता आलं नाही. पाच मिनिटांनी त्याने स्वतः कांदा चिरायला घेतला. मोठा चिरला होता, पण चिरला.

भाच्याने एक घड्याळ दिलं होतं, ते चढताना लाल व्हायचं. 220 मधून वय वजा करायचं, तो म्हणे हृदयाचा कमाल वेग. माझे आले 163. दुसरं एक सूत्र आहे, 208 मधून वयाचे सात दशांश वजा करायचे, त्याने आले 168. दोन्ही सरासरीचे हिशेब, माणसामाणसांत दहा-बारा ठोके इकडेतिकडे असतातच. मी घड्याळ ड्रॉवरमध्ये टाकलं आणि पाढे म्हणायला लागले. चढताना सलग बोलता आलं पाहिजे, शब्द तुटायला लागले तर वेग कमी करायचा, एवढं एकच मोजमाप डॉक्टरीणबाईंनी दिलं होतं, आणि एकटीने काय बोलायचं हा माझा प्रश्न होता. देवाचं म्हणायला मला धीर होत नाही, मध्येच तुटलं तर काय. पाढ्याला ते भय नाही. एप्रिलमध्ये माझा तेराचा पाढा 'तेरा पंचे पासष्ट'पाशी फुटायचा. जूनमध्ये, पाऊस पडून पायऱ्या निसरड्या झाल्या तेव्हा, मी 'तेरा साती एक्याण्णव' ओलांडला. शेजारून जाणाऱ्या एका गृहस्थांनी माझ्याकडे वळून पाहिलं. बघू दे.

भाच्याने मला डॅलसच्या एका प्रयोगाबद्दलही सांगितलं. 1966 साली विशीतल्या पाच तरुणांना तिथे तीन आठवडे नुसतं अंथरुणात पडून ठेवलं. त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरायची ताकद पाव हिश्शाहून जास्त घटली. तीस वर्षांनी, त्यांची पन्नाशी आल्यावर, त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, त्याहून त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने जास्त केलं होतं. मग सहा महिने चालणं, हळू पळणं, सायकल, असं बेताबेताने वाढवत नेलं, आणि पाचही जण सरासरीने विशीतल्या, अंथरुणाला खिळण्याआधीच्या, पातळीवर परत आले. हे ऐकून मला दोन दिवस हवेत तरंगल्यासारखं झालं. मग शंका आली. पाचही पुरुष. त्या सहा महिन्यांत सकाळी पळून आल्यावर त्यांच्या पुढ्यात न्याहारी कोण आणून ठेवत होतं? पण सहा महिने हा आकडा मी घेतला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, असं बोटांवर मोजत ऑगस्ट आला. विशीतली मी काही परत आले नाही. दुपारी तीनची फाईल मात्र वाचता येते. कधीकधी नाही येत. गणपतीच्या आठवड्यात पुन्हा सगळं ढासळलं होतं, झोपही आणि न्याहारीही, आणि मी त्रेसष्टाव्या पायरीवर चक्क बसले होते, आजोबांचं न ऐकता.

बसल्या बसल्या मनात आलं ते खो-खोचंच. त्या खेळात दमण्याची सोय आहे. पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की खांब गाठल्याशिवाय मागे वळता येत नाही, हा नियम मोठा कडक. पण छाती फुटायला आली की समोर कुणाची तरी पाठ असतेच. तिला 'खो' द्यायचा आणि तिच्या जागी बसायचं. ती तुझा वेग घेऊन उठते. बसलेल्या आठ जणी म्हणजे दमाची पेढी. मी आणि ती, फोनवाली, कायम लागोपाठच्या चौकोनांत बसायचो, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. तिचा तळवा पाठीत बसायचा तो मला डोळे मिटून ओळखता यायचा. जरा जास्तच जोरात मारायची. एकदा जिल्ह्याच्या सामन्यात मी खांबाजवळ ठेचकाळले तेव्हा ती काही बोलली नाही, नुसती आपल्या चौकोनात पाठ ताठ करून बसली, म्हणजे पुढचा खो मी तिला द्यावा. आणि चाळीस वर्षांनी, मार्चमधल्या त्या मंगळवारी, तिने हात पुढे केला तेव्हा चौकोनात मी झोपले होते.

हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. आम्ही असलं काही बोलत नाही. मी फक्त एवढं केलं की माझे चढायचे वार तिला सांगून टाकले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्या दिवशी संध्याकाळी माझा भरवसा नाही, म्हटलं. ती "बरं, सरकारी सुट्ट्यांसारखं," म्हणाली. तेव्हापासून ती मिरजेहून फोन करते तो मंगळवारी किंवा गुरुवारी, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. मग गव्हाचा भाव, कृष्णेचं पाणी, तिच्या शेजारणीचं मांजर, माझा पाढा कुठवर आला. लेकीचं नाव ती घेते, पण 'बरी आहे' एवढ्यावर पुढे जाते. मीही खोदत नाही.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी तिचा फोन आला. बाहेर नुकतं अंधारलं होतं. मी तुळशीपाशी पणती ठेवून आत येत होते.

"आज चढलीस?"

"नाही. काल चढले."

"जेवलीस का दुपारी नीट?"

"जेवले."

पलीकडे तिने दार लोटल्याचा आवाज आला. मी पलंगाशी खाली बसणार होते, ती उभीच राहिले.

"मग ऐक," ती म्हणाली.